पन्नास लिटर तापी

आमच्या घरात रात्री पाणी साठवून ठेवण्यास मज्जाव आहे. हा नियम आईचा. ती आता नव्वदीला टेकली आहे; निजण्यापूर्वी भिंतीच्या आधाराने न्हाणीघरापर्यंत जाते, बादल्या रिकाम्या आहेत ना ते पाहते आणि एकेक करून त्या पालथ्या घालते. २००६ च्या ऑगस्टनंतर सुरू झालेला हा परिपाठ, अडाजणचे घर सोडून आम्ही इच्छापोरला राहावयास आलो तरी सुटला नाही. पाहुण्यारावळ्यांना त्याचे नवल वाटते. पाणी भरून ठेवावे असे सारे जग म्हणते, आणि आमच्याकडे ते ओतून टाकतात! अशा या घराच्या दिवाणखान्यात दोन फूट लांबीची, पन्नास लिटर पाणी मावणारी काचेची टाकी कशी आली आणि कशी टिकली, ते सांगावयाचे आहे.

निमित्त नातीचे. पाल येथे महापालिकेचे जगदीशचंद्र बोस मत्स्यालय २०१४ साली सुरू झाले. आमच्याकडून अडाजणला जाताना ते वाटेवरच लागते. २०२३ च्या दिवाळीच्या सुटीत नातीला तेथे नेले आणि परतताना तिने जो हट्ट धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. सौ. म्हणाल्या, “तुम्ही निवृत्त झाल्यापासून पंखे आणि इस्त्र्या उघडून बसता, त्यापेक्षा मासे बरे.” आईने काहीच म्हटले नाही. तिने आपल्या तरुणपणी, लग्नानंतरच्या पहिल्या मुंबईवारीत, मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले होते. १९५१ साली ते उघडले त्यानंतर पाचसहा वर्षांतली ही गोष्ट. त्याची आठवण ती पूर्वी हौसेने सांगत असे. पण या वेळी तिने तीही काढली नाही. फक्त टाकी दारातून आत आली तेव्हा विचारले, “फुटली तर किती पाणी होईल?”

मी हिशेब सांगितला. हिशेब सांगण्याची मला खोडच आहे. पन्नास लिटर पाणी आपल्या दिवाणखान्यात पसरले तर त्याची जाडी अर्धा सेंटिमीटरही भरणार नाही, असे मी तिला कागदावर मांडून दाखवले. तिने कागद पाहिला, घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवून दिला.

टाकी मांडण्याची सिद्धता हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. पाण्याचे पन्नास किलो, काचेचे आणि तळाच्या खड्यांचे मिळून आणखी पंधराएक. म्हणजे एक धडधाकट माणूस चोवीस तास टेबलावर बसवून ठेवण्यासारखे. टेबल किंचितही पिचले तर काचेवर ताण येतो, म्हणून टाकीखाली थर्मोकोलचा तक्ता हवा. जागा अशी हवी की खिडकीचे ऊन थेट पडणार नाही, नाहीतर पाण्यात शेवाळ माजते. खडे धुता धुता सौ.ंचा अर्धा दिवस गेला. धुण्याचे पाणी स्वच्छ निघेपर्यंत ते धुवावे लागतात, आणि ते कधी स्वच्छ निघतच नाही. साबण मात्र चुकूनही लावावयाचा नाही. शेजारच्या जैन बेनने दारातून डोकावून विचारले, “काका, माछली खावा माटे तो नथी ने?” त्यांची समजूत घातल्यावर त्या रोज संध्याकाळी नातवाला घेऊन येऊ लागल्या. पुढे पुढे तर टाकीसमोरची खुर्ची त्यांचीच झाली.

पाणी सोसायटीच्या बोअरचे भरले. ते मचूळ आहे. इच्छापोर तापीच्या मुखाजवळ. सिंगणपोरच्या बंधाऱ्याच्या वर नदी गोडी आणि खाली भरतीओहोटीची, हे सुरतेत राहणारास सांगावयास नको. खाडीचा खारेपणा आमच्या जमिनीत मुरलेला आहे. पितळी भांड्यांवर पांढरा थर धरतो, डाळ शिजत नाही. पण माशांचे पाण्यातच सारे आयुष्य. त्यांना काय अडचण, असे मला वाटले.

दुसऱ्याच दिवशी दुकानातून पंधरा मासे आणले. दुकानदाराने म्हटले की एवढी टाकी पंधरांना पुरे. आणि मीही म्हटले, दर माशामागे तीन लिटरांहून अधिक पाणी पडते, म्हणजे ऐसपैस झाले. गप्पी होते, मॉली होत्या आणि नातीने निवडलेले सहा निऑन टेट्रा, ज्यांच्या अंगावर निळ्या दिव्याची रेघ ओढल्यासारखी असते. तिसऱ्या दिवशी निऑन पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू-मिटू लागले. आठव्या दिवसापर्यंत पंधरांतल्या चार मॉली उरल्या.

हे का घडले ते मला समजले तेव्हा मी कोणाकडे बघू शकलो नाही. ते मासे अमोनियाने मेले होते, आणि मी हजिऱ्याच्या खत कारखान्यात अमोनिया संयंत्रावर, उपकरण विभागात, एकतीस वर्षे काढलेली आहेत. नैसर्गिक वायूतला हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन प्रचंड दाबाखाली, तापलेल्या उत्प्रेरकावरून नेऊन त्यांची सोयरीक जुळवावी लागते. त्यासाठी केवढी यंत्रे, केवढे पोलाद, आणि त्या साऱ्यांचे तापमान व दाब डोळ्यांत तेल घालून पाहणारे आम्ही. तेथे हवेत चिमूटभर अमोनिया सुटला तरी माझे नाक तो ओळखीत असे. माझ्या स्वतःच्या दिवाणखान्यात मात्र तो ओळखता आला नाही.

मासा आपल्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर टाकीत असतो. नदीत तो वाहून जातो. काचेच्या पेटीत जायचा कोठे? निसर्गात त्याची सोय जिवाणूंनी केलेली आहे. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट. आणि नायट्रेट बऱ्याच मानाने निरुपद्रवी असते. हे दुसऱ्या पायरीचे काम नायट्रोबॅक्टर करतो असे जुनी पुस्तके सांगत. टाक्यांतून ते प्रामुख्याने नायट्रोस्पायरा करतो, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. नाव काहीही असो, हे जीव बाजारातून आणलेल्या धुतलेल्या खड्यांवर नसतात. ते वस्तीला यायला आणि वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टाकी दिसते पाण्याने भरलेली, पण असते ओसाड. मी ओसाड गावात पंधरा बिऱ्हाडे उतरवली होती.

त्यात आमचे पाणी. अमोनिया पाण्यात दोन रूपांनी असतो. त्यांतले एक विषारी, दुसरे फारसे नाही. सामू ७ असेल तर विषारी वाटा शेकडा अर्ध्याच्या आसपास. सामू ८ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो. आमच्या बोअरचे पाणी आठाच्या पुढचे. शिवाय पाणी जितके गरम तितका हा वाटा अधिक. मॉलीला क्षारयुक्त पाणी मानवते, ती खाडीतही जगते, म्हणून तेवढ्या चार तरल्या.

आईने त्या आठ दिवसांत एकच वाक्य उच्चारले. मी मेलेले मासे जाळीने काढीत होतो. ती म्हणाली, “मोजून आणले होतेस ना?”

नंतर पाच आठवडे आम्ही वाट पाहिली. कोणतेही यंत्र दडपून वेगाने चालवता येते या समजुतीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे पाच आठवडे जड गेले. चार मॉली, चिमूटभर खाद्य, दर तीन दिवसांनी थोडे पाणी बदलणे, आणि चाचणीच्या नळीत रंग पाहणे. आधी अमोनियाचा हिरवा चढला आणि उतरला, मग नायट्राइटचा जांभळा चढला आणि तोही उतरला. संयंत्र सुरू करताना आम्ही जसे तक्ते भरीत असू तसा तक्ता नातीने भरला. तो अद्याप फ्रीजवर चिकटवलेला आहे.

पाणीही बदलावयाचे ठरले. निम्मे बोअरचे आणि निम्मे गोडे. गोडे पाणी कोठून? धाकटा भाऊ अजून अडाजणलाच राहतो. त्याच्या नळाला महापालिकेचे पाणी येते, म्हणजे तापीचे. मी वीस लिटरचा कॅन स्कूटरवर पायांशी ठेवून घेऊन आलो. या पाण्यात क्लोरीन असते, ते माशांच्या कल्ल्यांना आणि त्या कष्टाने वसवलेल्या जिवाणूंनाही मारक; त्यासाठी सोडियम थायोसल्फेटचे, ज्याला दुकानांतून हायपो म्हणतात, चार खडे टाकावे लागतात. मी कॅन आत आणून ठेवला आणि खडे शोधू लागलो. आई खुर्चीतून उठून आली, कॅनवर हात ठेवला आणि विचारले, “कुठलं हे?”

“अडाजणचं.”

“तेच पाणी परत घरात आणलंस?”

येथे मला २००६ सालाकडे जावे लागते. त्या वर्षी ऑगस्टच्या ७ तारखेस उकाईतून सोडलेले पाणी सुरतेत शिरले. विसर्ग नऊ लाख क्यूसेकच्या घरात गेला होता. आमचे अडाजणचे घर एकमजली बैठे, वर गच्चीवर एक खोली. आदल्या दिवसापासून सूचना येत होत्या, आणि प्रत्येक घराप्रमाणे आमच्याही घरात काय वर न्यायचे याची धांदल होती. मी सर्वांना स्वस्थ राहण्यास सांगितले. १९९८ च्या पुरात पाणी आमच्या दुसऱ्या पायरीवर येऊन थांबले होते. त्यावरून मी हिशेब केला: या खेपेस फार तर ओटा ओलांडेल, घरात घोट्याएवढे होईल. त्या हिशेबाने मी टीव्ही वर नेला, गॅसची टाकी नेली, कपाटातले खालचे कप्पे रिकामे केले. आईने सांगितले, माझी पेटी ने. ती पेटी पत्र्याची, तिच्या पलंगाखाली असे. मी म्हटले, पलंगावर ठेवतो, तेवढे पाणी चढत नाही.

पाणी पलंगाच्या वर सहा फूट चढले. तीन दिवस आम्ही गच्चीवरच्या खोलीत होतो, वीज नाही, प्यायला पाणी नाही. चोहोकडे पाणी असून तहानेने जीव जातो हे तेव्हा कळले. हेलिकॉप्टरमधून पाकिटे पडत. रात्री काळोखात खालच्या खोल्यांतून भांडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज येई.

पेटीत मोडीतले कागद होते. आईचे आजोबा सयाजीराव महाराजांच्या वेळी बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात वसुली खात्यात कारकून होते. त्यांनी बडोद्यास घरी लिहिलेली पत्रे, खर्चाच्या वह्या, एका लग्नाची याददाश्त, आईच्या आजीने सांगून लिहवलेली काही उत्तरे. या पंक्ती वाचणाऱ्या घराघरांतून अशी एखादी पेटी असेल किंवा होती. मोडी वाचता येणारे आमच्या घरात आई हे एकच माणूस. लहानपणी ती आजोबांच्या मांडीवर बसून शिकली होती. पितृपक्षात पेटी उघडून ती एखादे पत्र आम्हाला वाचून दाखवी. नवसारीस आंबे कसे आले, पाऊस कसा आहे, मुलांस गोवर आला काय. चौथ्या दिवशी खाली उतरलो तेव्हा पेटी गाळाने भरलेली होती आणि आत काळी शाई सुटलेला एकच लगदा होता. मी तो फावड्याने काढला. आईने पेटी धुऊन उन्हात वाळत घातली आणि नंतर रद्दीवाल्यास देऊन टाकली. त्या दिवसापासून आजतागायत या विषयावर ती एक अक्षर बोलली नव्हती. मीही बोललो नाही. बादल्या मात्र पालथ्या पडू लागल्या.

तेव्हा “तेच पाणी” या तिच्या दोन शब्दांना माझ्याजवळ उत्तर नव्हते. नात मध्येच म्हणाली, “पणजी, हे पाणी गोड आहे. मासे मरणार नाहीत.” आई थोडा वेळ उभी राहिली, मग म्हणाली, “बरं. झाकून ठेवा.”

आता उष्णतेविषयी. घरी मासे पाळण्याची हौस तशी नवी नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरणच आहे. माशांच्या जाती आणि त्यांना काय चारावे याचा त्यात तपशील आहे, फक्त तो सारा विनोद अखेर गळाशी जातो. काचेच्या पेटीची हौस मात्र विलायतेची. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. तेथील थंडीत उष्ण देशांतले मासे जगवायचे म्हणून आरंभीच्या हौशी लोकांनी टाकीचा तळ पाटीच्या दगडाचा करून त्याखाली गॅसची किंवा तेलाची ज्योत ठेवण्याची युक्ती काढली. म्हणजे मासे अक्षरशः चुलीवर! ज्योत थोडी मोठी झाली की काय होत असेल त्याची कल्पना करवत नाही.

सुरतेत हीटर कशाला, असे सर्वांनीच विचारले. मेमध्ये टाकीवर पंखा लावावा लागतो तेथे शेगडी हवी कोणाला? मलाही तसेच वाटले होते. पण जानेवारीत आमच्याकडे दुपारी तीस अंश आणि पहाटे चौदा-पंधरा असा प्रकार असतो. घराच्या आत तफावत कमी. तरी खिडकीजवळच्या टाकीत मी दुपारी सव्वीस आणि पहाटे वीस मोजले. वीस अंशांनी मासा मरत नाही. रोज सहा अंशांच्या झोक्याने तो खचतो. त्या पहिल्या जानेवारीत, नवे निऑन आणून पंधरवडाही झाला नव्हता, तोच त्यांच्या परांवर रव्याचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके उठले. या रोगाच्या जंतूचे लॅटिन नाव लांबलचक आहे. हौशी मंडळी त्यातली पहिली तीन इंग्रजी अक्षरे घेऊन त्याला ‘इक’ म्हणतात. नातीने ती अक्षरे पुस्तकात पाहिली आणि ‘इच’ असे वाचून ओरडली, “आजोबा, हा तर इच्छापोरचा रोग!” आमच्या गावाची कीर्ती अशी अनपेक्षित ठिकाणी निघाली.

हा जंतू माशाच्या कातडीखाली असतो तोवर औषध त्याचे काही करू शकत नाही. तो पिकून गळून तळाशी पडतो, स्वतःभोवती कवच करतो, आत त्याची शेकडो पिले होतात आणि ती नवा मासा शोधत पोहत सुटतात. तेवढ्याच अवधीत औषध लागू पडते. पाणी थंड असेल तर हे रहाटगाडगे अनेक आठवडे चालते, पंचवीस अंशांच्या वर ते आठवड्याच्या आत एक फेरा पुरा करते. म्हणून पाणी हळूहळू तापवायचे, म्हणजे रोगाला घाई होते आणि तो लवकर औषधाच्या तावडीत सापडतो. ही युक्ती मला फार आवडली. तापवताना हवेचा पंप जोरात ठेवावा लागतो, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास, तीस अंशांना साडेसात.

हीटर घेताना दुकानदार शंभर वॅटचा देत होता. मी पन्नासाचा घेतला. लिटरमागे एक वॅट हा ठोकताळा आहे, आणि तो आमच्या हवामानास पुरेसा आहे. पण माझे खरे कारण निराळे होते. या काचेच्या नळीत दोन धातूंची जोडपट्टी असते. तापली की एक धातू दुसऱ्यापेक्षा अधिक प्रसरण पावतो, पट्टी वाकते, जोड सुटतो, वीज तुटते. जुन्या इस्त्रीत हेच असे. वर्षानुवर्षे ठिणग्या खाऊन कधीतरी तो जोड चिकटून बसतो आणि हीटर चालूच राहतो. असली बिघडलेली उपकरणे पाहण्यात माझा जन्म गेला. पन्नास लिटर पाणी एक अंशाने चढवायला पन्नास वॅटला तासाहून अधिक वेळ लागतो, आणि तोही उष्णता मुळीच बाहेर गेली नाही तर. म्हणजे बिघडला तरी आपल्याला जागे व्हायला वेळ मिळतो. शंभर वॅटचा तेवढी सवड देत नाही. मोठे यंत्र हे नेहमीच अधिक सुरक्षित असते हा एक लोकप्रिय गैरसमज आहे. पाणी बदलण्यापूर्वी हीटरची पिन काढावयाची आणि थोडे थांबावयाचे, नाहीतर उघडी पडलेली तापली नळी तडकते. एवढे पथ्य सौ.ंनी टाकीवर कागद लावून आम्हा सर्वांना पाळावयास लावले.

खरे तर आपल्याच नद्या-ओढ्यांतला पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा मासा पाळला असता तर हीटरची गरजही पडली नसती. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांतून तो आहे. पण दुकानातल्या नातीला अ‍ॅमेझॉनचा निळा दिवा आवडतो आणि आजोबांना नातीचे मन मोडवत नाही. असो.

एक गोष्ट आईनेच मला सांगितली. मी हीटर लावून थर्मामीटर पाहत बसलो असताना ती म्हणाली, “तापीला कसली रे ऊब देतोस? ती तर सूर्याची मुलगी.” सुरतेत आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मदिवस करतात. अडाजणला असताना आई त्या दिवशी नदीवर जाऊन ओटी भरीत असे. २००६ च्या पुढच्या वर्षी ती गेली नाही, आणि मग कधीच गेली नाही. नदीचे नाव मी तिच्या तोंडून मध्यंतरीच्या वर्षांत ऐकले नव्हते.

पुढच्या वर्षीची, २०२५ ची उत्तरायण. दिवसभर गच्चीवर गलका, पोंक आणि शेव (आपण ज्याला हुरडा म्हणतो तोच हा पोंक, फक्त सुरती माणसाला हे सांगू नये), संध्याकाळी आकाशात तुकलांचे दिवे. रात्री नवाच्या सुमारास वीज गेली. तारांवर मांजा अडकून असे दर साली कोठे ना कोठे होते. तासाभरात येईल म्हणून आम्ही निजलो. मध्यरात्री केव्हातरी मला दिवाणखान्यात सरपटल्यासारखा आवाज आला. बॅटरी घेऊन गेलो तो आई टाकीजवळ खुर्ची ओढून बसली होती. काळोखात पंपाची गुरगुर बंद, बाहेर सगळी सोसायटी निपचित. तिने तळवा काचेला लावला होता.

“गार पडलीय,” ती म्हणाली.

मी बॅटरी थर्मामीटरवर धरली. तेवीस. मी म्हटले, पहाटेपर्यंत फार तर आणखी दोन अंश उतरेल, मासे मरणार नाहीत, मी हिशेब—

“हिशेब राहू दे. पाणी तापव.”

गॅसवर पातेले ठेवले. कढत पाणी टाकीत ओतावयाचे नाही, ते बाटल्यांत भरून, बुचे घट्ट लावून, बाटल्या टाकीत तरंगत सोडावयाच्या. लिटरच्या दोन बाटल्या साठ अंशांच्या असल्या तर पन्नास लिटरांत अंश-दीड अंशाची भर पडते. आईने आपल्या पांघरुणातली गोधडी आणली आणि टाकीच्या तीन बाजूंना लपेटली. पंप बंद म्हणून वरचे पाणी हलते ठेवणे आवश्यक होते. तिने देवघरातला तांब्या उचलला, तेव्हा मी तिचा हात धरला. तांबे माशांना विषासमान. मग तिने स्टीलची वाटी घेतली आणि टाकीतले पाणी वाटीने उचलून वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीत सोडू लागली, सावकाश, अभिषेक करावा तशी. मी बाटल्या बदलीत होतो. सौ. आणि नात गाढ झोपेत होत्या. असे किती वेळ चालले कोण जाणे.

वाटी न थांबवता, माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, “पेटी जड होती रे. तुझ्या एकट्याच्यानं जिन्यावरून गेली नसती.”

पेटी जड नव्हती. दर दिवाळीला घर झाडताना मी ती एका हाताने पलंगाखालून ओढीत असे आणि काखेत धरून ओसरीवर नेत असे. कागदांना वजन ते किती असणार. हे तिला ठाऊक होते. कितीदा तिनेच ती समोर उभी राहून नेववली होती. मी बाटलीचे बूच आवळीत राहिलो. थोड्या वेळाने तिने विचारले, “त्यात नवसारीच्या आंब्यांचं पत्र होतं, आठवतं का तुला?” मी म्हटले, आठवते. तिने ते पत्र म्हणून दाखवले. शब्दशः होते की नाही सांगता येत नाही; आंब्यांच्या करंड्या किती, बैलगाडी कोणत्या घाटावर अडली, धाकट्या मुलीस एक फळ आधी देणे. मध्येच एक ओळ विसरली, ती मला आठवत होती, मी सांगितली. मग दुसरे एक पत्र. मी स्वयंपाकघरात जाऊन नातीची वही आणि पेन्सिल घेऊन आलो आणि बॅटरी खांद्यात दाबून लिहू लागलो.

पाच वाजण्यास दहा मिनिटे असताना वीज आली. पंप गुरगुरला, हीटरचा लाल ठिपका पेटला. थर्मामीटर साडेबावीसावर होता. निऑन खड्यांजवळ दाटीवाटीने थांबलेले होते. अकरा मोजले, अकराच होते.

“किती वेळ लागेल तापायला?” आईने विचारले.

“दुपार होईल.”

“होऊ दे,” म्हणाली आणि उठली.

वहीत आजवर सात पत्रे झाली आहेत. आईला एका वेळी एखादेच आठवते, तेही टाकीसमोर बसली असताना. जैन बेनची खुर्ची आम्ही थोडी बाजूला सरकवली आहे. थंडीच्या दिवसांत रात्री गॅसवर पातेलेभर पाणी झाकून ठेवलेले असते, वीज गेली तर हाताशी असावे म्हणून. बादल्या मात्र पालथ्याच असतात.